चित्रे दुसऱ्याची, गाणे दुसऱ्याचे, करणाऱ्याचे काय?

१९८२ साली अमेरिकेतील जिम कपोस्टा नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने दोन व्हीसीआर तारेने एकमेकांना जोडले. एकावर चित्रफीत चालवायची आणि तिच्यातील हवे तेवढेच तुकडे दुसऱ्यावर उतरवून घ्यायचे, एवढीच ती मांडणी होती. चित्रे होती 'स्टार ब्लेझर्स' या मालिकेतील. १९७४ साली जपानमध्ये सुरू झालेल्या, अंतराळात उडणाऱ्या यामातो या युद्धनौकेच्या चित्रमालिकेची ती अमेरिकी आवृत्ती. कपोस्टाने तिच्यातील सर्वांत हिंसक प्रसंग वेचले आणि त्यांच्यावर बीटल्सचे 'ऑल यू नीड इज लव्ह' हे प्रेमाची थोरवी सांगणारे गाणे चढवले. पडद्यावर जहाजे फुटत आहेत आणि कानावर प्रेमगीत पडत आहे, असा तो विसंगतीचा विनोद होता. जपानी ॲनिमेशन चित्रपटांना व मालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. त्यांच्यावर गाणे बसवून चाहत्याने केलेला पहिला व्हिडिओ म्हणून याच कृतीची नोंद घेतली जाते.

यात कपोस्टाचे स्वतःचे काय होते? चित्रे जपानी चित्रकारांची, गाणे इंग्रज गायकांचे, यंत्रे बाजारातील. त्याची होती ती केवळ निवड. कोणते चित्र घ्यायचे, कोणते सोडायचे आणि कोणते कोणत्या स्वराशेजारी ठेवायचे, हा निर्णय मात्र पूर्णपणे त्याचा होता. पाहणाऱ्याला हसू येते ते त्या निर्णयामुळे.

आज हे काम करण्यास दोन व्हीसीआर लागत नाहीत. शाळा-महाविद्यालय आटोपून, दुकानात हातभार लावून रात्री मोबाइल किंवा लॅपटॉप घेऊन बसलेली घरातील मुले हेच करीत असतात. त्यांच्या भाषेत त्याला 'एडिट' म्हणतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात तेव्हा दोन शंका येतात. हा वेळेचा अपव्यय तर नव्हे? आणि दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारण्याचा हा प्रकार तर नव्हे? दोन्ही शंका रास्त आहेत. नवशिक्याने हे काम नीट कसे करावे, याचा विचार करू लागले म्हणजे त्या शंकांचे उत्तरही त्याच वाटेवर सापडते.

यंत्राआधी विचार

या कलेची मुळे कपोस्टाच्याही मागे जातात. १९७५ साली कॅन्डी फाँग या महिलेने 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या संकलनात टाकून दिलेल्या फिल्मच्या तुकड्यांपासून स्लाइड तयार केल्या आणि एका गाण्याच्या साथीने त्या क्रमाने पडद्यावर दाखवल्या. पुढे व्हीसीआर घरोघरी आले तेव्हा अशा चाहत्या स्त्रियांनी त्यावर काम सुरू केले. ते काम अतिशय कष्टाचे होते. यंत्र थांबवले की फीत किंचित मागे सरकत असे. म्हणून प्रत्येक तुकड्याची लांबी स्टॉपवॉचने मोजावी लागे. चित्रे सगळी लावून झाल्यानंतरच गाणे भरता येई. मधला एक तुकडा चुकला तर पुढचे सारे पुन्हा करावे लागे. त्यामुळे यंत्राला हात लावण्यापूर्वी संपूर्ण व्हिडिओ कागदावर आणि मनात तयार असणे त्यांना भागच होते.

आजच्या नवशिक्याला ही सक्ती नाही. तुकडा टाकला, नको वाटला, काढला, खर्च शून्य. म्हणूनच बहुतेक जण आधी तुकडे टाकतात आणि मग त्यांतून काही अर्थ निघतो का ते पाहतात. दहा रात्री जागूनही व्हिडिओ अपुरा राहतो, त्याचे कारण बहुधा इथेच असते. वेळ वाया जातो तो छंदामुळे नव्हे, विचाराविना केलेल्या आरंभामुळे.

तेव्हा पहिला नियम असा की, व्हिडिओ काय सांगणार आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. उदाहरणासाठी हायाओ मियाझाकी यांचा २००१ चा 'स्पिरिटेड अवे' हा चित्रपट घेता येईल. ऑस्कर पारितोषिक मिळालेला हा चित्रपट अनेक घरांतील मुलांनी पाहिलेला असतो. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी आईवडिलांसह एका अनोळखी जागी येते. आईवडील न विचारता तेथील अन्नावर तुटून पडतात आणि डुकरे होऊन बसतात. मुलीला देवदेवतांच्या स्नानगृहात नोकरी धरावी लागते आणि मालकीण युबाबा तिचे नावच काढून घेऊन तिला 'सेन' म्हणू लागते.

या चित्रपटावर 'सुंदर दृश्यांचा व्हिडिओ' करायचा, हा विचार नव्हे. 'जिचे नाव हिरावले गेले ती मुलगी कष्ट करता करता स्वतःला परत मिळवते', हा विचार होय. हे वाक्य कागदावर आले की निम्मी दृश्ये आपोआप गळून पडतात. मालकिणीच्या थोराड बाळाचे प्रसंग कितीही मौजेचे असले तरी त्यांचे इथे काम नाही, हे ठरवण्यास मग क्षणही लागत नाही.

गाण्याची पारख

नवशिक्या बहुधा आपल्या आवडीचे गाणे घेतो. आवड असावीच, कारण तेच गाणे शेकडो वेळा ऐकावे लागणार असते. पण केवळ आवड पुरेशी नाही. गाण्याला चढ-उतार हवा. सुरुवात, वाढ, शिखर आणि विसावा अशा चार अवस्था ज्या गाण्यात ऐकू येतात, ते गाणे कथेला आधार देते. आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जोरात चालणाऱ्या गाण्यावर व्हिडिओही एकाच जागी उभा राहतो.

फार वापरलेली जोडी टाळावी. २००० नंतरच्या काही वर्षांत 'ड्रॅगन बॉल झी' या मालिकेतील मारामाऱ्या आणि लिंकिन पार्क या अमेरिकी बँडची गाणी यांचे इतके व्हिडिओ निघाले की ती जोडी चाहत्यांमध्ये थट्टेचा विषय झाली. त्या व्हिडिओंतही मेहनत होती. नवा विचार मात्र क्वचितच होता.

शब्दांच्या बाबतीत एक सापळा असतो. गाण्यात पाऊस म्हटले की पडद्यावर पाऊस, डोळे म्हटले की डोळे, असे शब्दाला चित्र चिकटवले की व्हिडिओ बालवाडीतील तक्त्यासारखा दिसू लागतो. एखाद-दुसऱ्या ठिकाणी असे जुळणे गोड वाटते. बाकी ठिकाणी चित्राने शब्दाच्या अर्थात भर घालावी, त्याचा पुनरुच्चार करू नये.

पहिल्या प्रयत्नासाठी पूर्ण गाणे घेऊ नये. चार मिनिटांचे गाणे म्हणजे २४० सेकंद. दर दोन सेकंदांना चित्र बदलायचे म्हटले तरी १२० तुकडे निवडावे लागतात. त्याऐवजी दीड मिनिटाचा भाग घ्यावा. गाणे कापताना ते कडव्याच्या मध्येच तोडू नये. जिथे आवर्तन पूर्ण होते आणि सम येते, तिथे तोडले की कानाला सांधा कळत नाही. पूर्ण झालेला दीड मिनिटाचा व्हिडिओ अर्धवट राहिलेल्या चार मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा अधिक शिकवतो.

आधी कीर्द, मग खतावणी

व्यापारी घरातील मुलाला पुढची पायरी समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत. पेढीवर व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत उतरतात आणि मग खातेवार खतावणीत जातात. संकलनाची पूर्वतयारी नेमकी अशीच आहे.

चित्रपट पुन्हा एकदा, या वेळी वही हाताशी घेऊन पाहावा. उपयोगी दृश्य आले की मिनिट-सेकंद, दृश्यात काय आहे, हालचाल कोणती आणि ती कोणत्या दिशेने, मुद्रेवर भाव कोणता, हे एका ओळीत लिहावे. ही कीर्द झाली. मग त्याच नोंदी खात्यांत वाटाव्यात. वरील उदाहरणात चार खाती पुरतील: भय, काम, मोह आणि मुक्ती. जिन्यावरून भेलकांडत उतरणारी चिहिरो भयाच्या खाती. चिखलाने माखलेल्या देवाच्या अंगात रुतलेली सायकल सगळ्यांनी मिळून ओढून काढणे कामाच्या खाती. बिनचेहऱ्याच्या पिशाच्चाने पुढे केलेले ओंजळभर सोने आणि तिने त्याला दिलेला नकार मोहाच्या खाती. समोरच्या डुकरांत आपले आईवडील नाहीत हे ओळखण्याचा क्षण मुक्तीच्या खाती.

अशी वही तयार असली म्हणजे गाण्याच्या कोणत्या भागाला कोणत्या खात्यातून तुकडा उचलायचा हे लगेच कळते. हिशोबही पाहण्यासारखा आहे. चित्रपट सुमारे १२५ मिनिटांचा, म्हणजे ७,५०० सेकंदांचा. व्हिडिओ ९० सेकंदांचा. म्हणजे दर ८३ सेकंदांतून एकच सेकंद घ्यायचा आहे आणि ८२ सोडायचे आहेत. या कामात घेण्यापेक्षा सोडण्याचे धैर्य अधिक लागते, ते या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

माल पारखून घ्यावा. ज्या दृश्यावर उपशीर्षके, वाहिनीचे चिन्ह किंवा श्रेयनामावली उमटलेली आहे ते घेऊ नये. प्रेक्षकाची नजर आधी अक्षरांकडे जाते. बोलणाऱ्या पात्राचे हलते ओठही शक्यतो टाळावेत, कारण गाणे चालू असताना पात्र काय बोलते आहे हा प्रश्न मनात उठतो. जुन्या मालिकांचा पडदा ४:३ या प्रमाणाचा, नव्यांचा १६:९ चा असतो. एकाला ताणून दुसऱ्याएवढे करू नये. चेहरे रुंद होतात. मोबाइलच्या पडद्याचे ध्वनिचित्रमुद्रण करून घेतलेल्या फाइलीत दर सेकंदाची चित्रसंख्या कमी-जास्त होत राहते आणि पुढे गाणे व चित्र यांची फारकत होते. म्हणून अशी फाइल आधी स्थिर गतीत रूपांतरित करून घ्यावी.

साधने महाग नाहीत. 'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती, तसेच 'केडेनलाइव्ह' आणि 'शॉटकट' या मोफत प्रणाली शिकण्यास पुरेशा आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संकलनाची जी फाइल जतन होते, तिच्यात चित्रपट नसतो. चित्रपट कोठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. हुंडीत रोकड नसते, रोकड कोणी द्यायची याचा आदेश असतो, तसेच हे. मूळ फाइल दुसरीकडे हलवली की ही हुंडी वटत नाही आणि पडदा कोरा दिसतो. म्हणून गाणे, दृश्ये आणि संकलनाची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवावी आणि त्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या जागी असावी.

कापणीचे गणित

चित्रपटात एका सेकंदाला सामान्यतः २४ चित्रे, म्हणजे २४ फ्रेम असतात. गाण्याची गती मिनिटाला किती ठोके यावर मोजतात. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे बरोबर १२ फ्रेमचा. ९० ठोक्यांच्या गाण्यात तो १६ फ्रेमचा. पण १०० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका १४.४ फ्रेमचा येतो आणि फ्रेम तर अर्धी कापता येत नाही. नवशिक्या प्रत्येक तुकडा १४ फ्रेमचा करतो. दर ठोक्यामागे ०.४ फ्रेमची तूट पडते. पन्नास ठोक्यांनंतर ती २० फ्रेम होते आणि चित्र गाण्याच्या जवळजवळ एक सेकंद पुढे निघून जाते. आरंभी कानाला न जाणवणारी चूक साठत साठत अखेरीस ताळा बिघडवते. उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापासून मोजू नये. गाणे ऐकत टाइमलाइनवर ठोक्यांच्या खुणा आधी करून घ्याव्यात आणि कापणी त्या खुणांवर करावी.

मात्र खुणा केल्या म्हणून प्रत्येक खुणेवर कापलेच पाहिजे असे नाही. दर ठोक्याला चित्र बदलणारा व्हिडिओ काही सेकंदांतच थकवतो. कापणीखेरीज ठोका दाखवण्याचा दुसरा आणि अधिक सुंदर मार्ग म्हणजे दृश्याच्या आतील हालचाल. चिहिरो जिन्यावरून उतरते, तेव्हा पायाखालची फळी तुटते, ती अनावर वेगाने धावत सुटते आणि शेवटी भिंतीवर जाऊन आदळते. हे दृश्य तोडू नये. तिचा आदळण्याचा क्षण समेवर आणून ठेवावा. पावलांची धावपळ त्या समेकडे नेणाऱ्या तिहाईसारखी वाटते. सायकल निघते आणि तिच्यामागून कचऱ्याचा लोंढा बाहेर पडतो, तो क्षण गाण्याच्या शिखरावर ठेवता येतो.

कापणी ठोक्यावर बरोबर असूनही उशिरा वाटत असेल, तर चित्र एखादी फ्रेम आधी बदलून पाहावे. आवाज चित्राच्या किंचित मागून आला तर मनाला खटकत नाही. तो आधी आला तर लगेच खटकतो. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, याची माणसाला जन्मापासून सवय आहे.

लय किती महत्त्वाची, याचे एक प्रमाण थोर संकलक वॉल्टर मर्च यांनी 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' या पुस्तकात दिले आहे. चांगल्या कापणीच्या सहा निकषांना त्यांनी गुण दिले. भावनेला १०० पैकी ५१, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाच्या नजरेच्या प्रवासाला ७ आणि उरलेले ९ पडद्यावरील व प्रत्यक्ष जागेतील रचनेला. भावना एकटीच बाकी पाचांच्या बेरजेहून मोठी आहे. गाण्याच्या व्हिडिओत लयीचे गुण थोडे वाढतील हे खरे; पण नवशिक्या लयीलाच ५१ गुण देऊन बसतो, तिथे गफलत होते. हाकूने दिलेला भाताचा गोळा खाताना चिहिरोच्या डोळ्यांतून मोठमोठे अश्रू ओघळू लागतात. त्या वेळी गाण्याचे आठ ठोके गेले तरी कापू नये. त्या अश्रूंना जेवढा वेळ हवा तेवढा द्यावा. पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीत ती निमूट बसून राहते, त्या दृश्यालाही असाच श्वास लागतो. शांत जागा आहेत म्हणून वेगवान जागा वेगवान वाटतात.

शेजार

सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियातील लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य तीन वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवले: सूपचा वाडगा, शवपेटी आणि एक तरुणी. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, शोक आणि अभिलाषा असे वेगवेगळे भाव दिसले, असे त्या प्रयोगाबद्दल सांगितले जाते. अर्थ चित्रात जितका असतो तितकाच चित्राच्या शेजारात असतो, हा चित्रपटकलेतील मूलमंत्र तिथून रूढ झाला.

चाहत्याची खरी सत्ता या शेजारावर चालते. डुकरे झालेल्या आईवडिलांशेजारी बिनचेहऱ्याच्या पिशाच्चाची अखंड खाखा ठेवली, की लोभाविषयी एक विधान तयार होते. मूळ चित्रपटात ही दृश्ये एकमेकांपासून बरीच दूर आहेत. ती जवळ आणणारा हात चाहत्याचा आहे. त्यानंतर लगेच तिने सोने नाकारल्याचे दृश्य आले, तर एक शब्दही न लिहिता युक्तिवाद पूर्ण होतो.

हे ज्याला उमगले, त्याला दिखाऊ करामतींची गरज उरत नाही. संकलन-प्रणालीत पान उलटल्यासारखे, तारा फुटल्यासारखे, पडदा फिरल्यासारखे शेकडो संक्रमण-प्रकार असतात. नवशिक्याने पहिल्या तीन व्हिडिओंत दोनच वापरावेत: सरळ कापणी आणि काळ किंवा आठवण दाखवायची असेल तिथे एकात एक विरघळणारे दृश्य. चकाकणारा प्रकाश, थरथरता पडदा, रंगांची उधळण हे तिखटमिठासारखे आहे. मूळ पदार्थ शिजलेला असेल तरच ते उपयोगी पडते.

तयार माल आणि पहिला गिऱ्हाईक

व्हिडिओ पूर्ण झाला की त्याच रात्री कोणाला पाठवू नये. एक दिवस तो बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी आधी आवाज बंद करून पाहावा. नुसत्या चित्रांतून कथा कळते का, हे त्याने समजते. मग डोळे मिटून ऐकावा. गाण्याचे सांधे खटकतात का, आवाज कोठे फाटतो का, हे त्याने कळते. हेडफोनवर आणि मोबाइलच्या साध्या स्पीकरवर अशा दोन्ही ठिकाणी ऐकावे. चांगल्या दर्जाची एक मूळ प्रत जपून ठेवावी आणि दुसऱ्यांना देण्याच्या लहान प्रती तिच्यापासूनच कराव्यात. प्रतीवरून प्रत काढत गेले की चित्र दर वेळी थोडे विटते.

त्यानंतर ज्याने मूळ चित्रपट पाहिलेला नाही अशा एका माणसाला तो दाखवावा. मित्रमंडळ कामाचे नाही, कारण त्यांना कथा आधीच ठाऊक असते. घरातील आजी किंवा काका हे उत्तम परीक्षक. पाहून झाल्यावर त्यांना काहीही समजावून न सांगता एकच विचारावे: 'काय कळलं?' त्यांचे उत्तर आरंभी लिहिलेल्या वाक्याच्या जवळ आले, तर ताळा जमला. आजी म्हणाली, 'त्या पोरीचं काहीतरी हरवलं होतं, ते तिला गावलं वाटतं', तर याहून मोठी पसंती नाही. आणि काहीच कळले नाही असे उत्तर आले, तर दोष आजीचा धरू नये.

मालकीचा हिशोब

आता राहिली ती वडीलधाऱ्यांची दुसरी शंका. हा माल कोणाचा?

अमेरिकेत या प्रश्नावर बराच खल झाला. तेथील कायद्यात 'न्याय्य वापर' ही व्यापक संकल्पना आहे. २०१० साली तेथील शासनाने, विनामोबदला केलेल्या अशा व्हिडिओंसाठी डीव्हीडीचे कुलूप उघडून छोटे अंश घेण्यास मर्यादित सवलत दिली. भारतातील स्थिती वेगळी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर, टीका, समीक्षा अशा काही हेतूंसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. चाहत्यांच्या व्हिडिओंचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे 'पैसे घेतले नाहीत, म्हणजे सगळे माफ', हा मुलांमधील समज बरोबर नाही. यूट्यूबवर २००७ पासून गाणे व चित्र ओळखणारी यंत्रणा आहे. तिने माल ओळखला की मूळ मालक व्हिडिओ रोखू शकतो किंवा त्यावरील जाहिरातीचे उत्पन्न स्वतःकडे घेऊ शकतो. असे झाले तर तो अन्याय झाल्याचा कांगावा करू नये. मालक आपला हक्क बजावत आहे, इतकेच.

मुलांनी काही पथ्ये पाळावीत. चित्रपट विकत घेतलेल्या किंवा रीतसर उपलब्ध प्रतीवरून पाहावा. व्हिडिओच्या अखेरीस मूळ चित्रपट, दिग्दर्शक, गाणे आणि गायक यांची नावे स्पष्ट लिहावीत. त्यावर एक पैही कमवू नये. दुसऱ्या चाहत्याने केलेल्या व्हिडिओतून तयार तुकडे उचलू नयेत. तिथे तर निवडही चोरीची होते आणि स्वतःचे म्हणून काहीच उरत नाही. अचौर्य हे व्रत ज्या घरात बालपणापासून कानावर पडते, त्या घरातील मुलाला हा शेवटचा मुद्दा निराळा समजावून सांगावा लागू नये.

ज्यांना सरावासाठी पूर्णपणे निर्वेध माल हवा, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आदी मूकपटांचे जे भाग आज उपलब्ध आहेत, ते केव्हाच या मुदतीबाहेर गेले आहेत. संवाद नाहीत, हलत्या ओठांची अडचण जवळजवळ नाही, हालचाली ठळक आहेत. गाणे मात्र खुल्या परवान्याचे घ्यावे किंवा घरातच कोणी गात-वाजवत असेल तर त्यांचे मुद्रित करावे. चित्रे फाळक्यांची, पेटी घरातल्या आत्याची आणि निवड नातवाची, असा व्हिडिओ कोणासमोरही निःशंकपणे दाखवता येईल.

कपोस्टाचे व्हीसीआर आता संग्रहालयात शोभतील असे जुने झाले. त्याने त्यांच्यापुढे बसून जो प्रश्न सोडवला तो मात्र आजही तसाच समोर आहे: हाताशी आहे त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे. ज्या मुलाने ७,५०० सेकंदांतून ९० सेकंद विचारपूर्वक वेचले, प्रत्येकाचे कारण सांगितले आणि मालकाचे नाव मालकाला दिले, त्याच्या त्या रात्री वाया गेल्या असे कोणी म्हणू नये. त्याने वाक्य लिहिले होते का, एवढे मात्र घरातल्या मोठ्यांनी एकदा विचारावे. आणि मग बसून तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहावा.